बैठकीतला गडी

कबड्डीच्या मैदानाच्या अंतिम रेषेमागे एक लांबट चौकट आखलेली असते. बाद झालेल्या गड्यांनी तेथे जाऊन बसायचे असते. आम्ही तिला नुसते 'बैठक' म्हणतो. प्रेक्षकांचे तिकडे लक्ष नसते, आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. महाविद्यालयाच्या संघातून मी तीन वर्षे चढाया केल्या, या बैठकीत कितीतरी वेळा घाम पुसत बसलो. पण तिचा विचार केला तो एक सामना हरल्यावर.

आपल्यापैकी बहुतेकांनी यात्रेतले सामने पाहिले असतील, तेव्हा सगळे नियम सांगत बसत नाही. एकच नियम सांगतो. बाद झालेला गडी स्वतःच्या पराक्रमाने आत येऊ शकत नाही. त्याच्या सोबत्याने प्रतिपक्षाचा एक गडी टिपला किंवा पकडला, तरच बैठकीतला एक जण उठतो. आणि तोही क्रमाने, जो आधी बाद झाला तो आधी. माझे आजोबा या खेळाला अजून हुतूतूच म्हणतात. त्यांच्या भाषेत गडी बाद होत नाही, 'मरतो', आणि परत आला की 'जिता होतो'. पूर्वी खेळाचे तीन प्रकार होते. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. 'गामिनी'त एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. तिसरा प्रकार 'संजीवनी', आणि आजची कबड्डी त्याच्यावरच उभी आहे. हे नाव ज्याने दिले असेल त्याला खेळ नीट कळला होता.

आता बोनसचा गुण. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाई करणाऱ्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि दुसरा त्या वेळी अधांतरी असला, की एक गुण मिळतो. कुणाला शिवायची गरज नाही. माझी उंची बरी आहे, पाय लांब पडतो. बोनस हा माझा हातखंडा होता. मात्र या गुणाने बैठकीतला कोणीही उठत नाही. हे मला पाठ होते. पाठ असणे आणि कळणे यांत अंतर असते, ते पुढच्या हकिकतीत दिसेल.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही पुण्याकडे गेलो होतो. उपान्त्य सामना. सहा मिनिटे उरली होती आणि आम्ही 19–21 असे मागे होतो. त्यांचे सातही गडी मैदानात, आमचे पाच. बैठकीत पहिला बसला होता आमचा डावा कोपरा. तो आंबेगावच्या पश्चिमेचा, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा. अंगाने काटकुळा, पण त्याने घोटा धरला की सुटत नसे. तृतीय वर्षाला होता. हरलो तर हा त्याचा शेवटचा सामना ठरणार होता.

मी गेलो आणि बोनस घेऊन आलो. 20–21. टाळ्या पडल्या. त्यांनी आमचा एक टिपला. मी पुन्हा बोनस घेतला, 21–22. त्यांच्या पुढच्या चढाईत आमचे दोघे एकदम गेले. मी तिसरा बोनस घेतला, 22–24. फलकाकडे पाहिले तर वाटावे, आम्ही झुंजतो आहोत. मैदानाकडे पाहिले असते तर दिसले असते की दोघेच उरलो आहोत. मग एकटा मी. मला पकडले, लोण चढला, फलक 22–28. अखेर 25–31 ने हरलो. माझ्या नावावर 11 गुण होते, संघात सर्वांत जास्त. त्यांतले सहा बोनसचे.

त्या साऱ्या वेळात डावा कोपरा बैठकीतून ओरडत होता, "शिव! एकाला तरी शिव!" मला वाटले, घाबरला आहे.

परतीच्या एस.टी.त तो माझ्या शेजारी होता. राजगुरुनगर गेले तरी बोलला नाही. मंचरला उतरायचे होते म्हणून पिशवी घेऊन उठला आणि म्हणाला, "आरं, मी पहिला होतो. एकाला शिवला असतास तर मी आत आलो असतो." रागाने म्हणाला नाही. तो उतरला, गाडी पुढे नारायणगावकडे निघाली, आणि मला माझे अकरा गुण कुणाला सांगावेसे वाटेनात.

त्यानंतर मी मोठ्या संघांचे पराभव मन लावून वाचू लागलो. 1990 पासून आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या पुरुषांनी लागोपाठ सात सुवर्णपदके जिंकली, आणि 2018 साली जाकार्ता येथे उपान्त्य सामन्यात इराणने त्यांना 27–18 असे हरवले. महिला संघही त्याच इराणपुढे अंतिम सामन्यात 24–27 असा हरला. पण मला जास्त जवळची वाटली ती पुणेरी पलटणची गोष्ट. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पलटण जयपूरकडून 29–33 अशी हरली. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळू शकला नव्हता. त्या रात्री बाहेर बसून त्याला काय वाटले असेल, याची कल्पना मला कोणत्याही विश्लेषणापेक्षा त्या एस.टी.तल्या वाक्यावरून जास्त येते.

पुढच्या हंगामात तोच कर्णधार झाला. त्याआधी 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊ येथे भारताने इराणला 33–29 असे हरवून सुवर्ण परत मिळवले. नियमाच्या वादावरून तो सामना बराच वेळ थांबला होता. अस्लम भारताच्या चमूत होता आणि समोर इराणचा मोहम्मदरझा शादलुई. त्याच महिन्यातील लिलावात पलटणने या शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतले, म्हणजे कालचा प्रतिस्पर्धी आज बैठकीतून उठवणारा सोबती! 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणाला 28–25 असे नमवून पहिले अजिंक्यपद मिळवले. व्यावसायिक खेळाडूंचे हे पैशासाठी संघ बदलणे मला पूर्वी खटकत असे. आता तितके खटकत नाही. काल काय झाले ते काखोटीला मारून हिंडायला त्यांना सवड नसते. आम्हांला असते; गावाकडे एका यात्रेतला पराभव दहा वर्षे पुरतो.

तिसऱ्या वर्षी संघाची सूत्रे माझ्याकडे आली. सरावात मी एक गोष्ट सुरू केली. चढाईला निघण्यापूर्वी बैठकीतल्या पहिल्याचे नाव मोठ्याने घ्यायचे. पोरे आधी हसली. क्रीडाशिक्षकांनाही हे जरा नाटकी वाटले, आणि होतेही. पण नाव घेऊन गेलेला गडी बोनस रेषेकडे पाहण्याआधी कोपऱ्याच्या हाताकडे पाहतो, एवढे मी पाहिले आहे.

यंदाही आम्ही उपान्त्य सामन्यातच हरलो, दोन गुणांनी. शेवटची चार मिनिटे मी बैठकीत होतो, क्रमाने तिसरा. प्रथम वर्षाच्या एका पोराने दोघांना टिपले, दोघे उठून गेले, आणि मी पहिला झालो. मग वेळ संपली.

उन्हाळ्यात, हिरडा गोळा करण्याच्या दिवसांत, मी डाव्या कोपऱ्याच्या गावी गेलो. अंगणात हिरडा वाळत घातला होता, तो हाताने पसरत होता. सामन्याचे सांगितले. गुण किती झाले हे त्याने विचारलेच नाही.

"शेवटाला बैठकीत कोण कोण होतं?" म्हणाला.

मी नावे सांगितली, क्रमाने.