वर्दीतली विद्यार्थिनी

फौजदारी न्याय आणि पोलीस नेतृत्व या विषयात नोकरी सांभाळून एम.ए. करायला निघालेल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या मनात बहुधा पहिला हिशेब बढतीचा असतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक असलेल्या बाईंचाही तोच होता. प्रवेशाचे पैसे भरून झाल्यावर त्यांना कळलं, की निरीक्षकपदाची बढती सेवाज्येष्ठता आणि गोपनीय अहवालावर होते, या पदवीवर नाही. आज कुणी सल्ला विचारायला आलं, की त्या आधी हेच सांगतात: बढतीसाठी शिकायचं असेल तर पैसे भरू नका, ठाण्यात काय चाललंय ते समजून घ्यायचं असेल तरच या.

त्यांना ते समजू लागलं ते कॅन्सस सिटीच्या प्रयोगामुळे. अमेरिकेतल्या या शहरात 1972-73 साली 15 बीटांचे तीन गट करण्यात आले. एका गटात नेहमीची गस्त बंद करून गाडी फक्त बोलावल्यावर पाठवली, दुसऱ्यात गस्त दुप्पट-तिप्पट केली, तिसऱ्यात होती तशीच ठेवली. गुन्ह्यांच्या संख्येत, लोकांच्या भीतीत, पोलीस पोहोचायला लागणाऱ्या वेळेत लक्षणीय फरक दिसला नाही. वर्षानुवर्षं रात्रगस्तीचे आदेश काढणाऱ्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. गस्त निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. कुठे, कधी आणि कशासाठी हे न ठरवता गाडी फिरवत राहण्याचा उपयोग तपासून पाहायला हवा, एवढाच अर्थ.

मात्र असल्या प्रयोगांची भुरळही पडते, आणि खरा धोका तिथे आहे. बाईंना शोधनिबंधासाठी विषय हवा होता तो मिनियापोलिसचा. तिथे 1981-82 साली लॉरेन्स शेरमन आणि रिचर्ड बर्क यांनी घरगुती मारहाणीच्या 314 प्रकरणांचा अभ्यास केला होता. पोलिसांना तीन रंगांचे अर्ज दिले होते. वर जो रंग निघेल त्यानुसार अटक करायची, समजूत घालायची किंवा मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर काढायचं. अटक झालेल्यांनी पुन्हा मारहाण कमी केल्याचं दिसलं, आणि तेवढ्या आधारावर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सक्तीच्या अटकेकडे मोर्चा वळवला. पुढे इतर शहरांत तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा चित्र विस्कटलं. मिलवॉकीत तर बेरोजगार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढलेली आढळली.

आपल्या ठाण्यात असा प्रयोग करायचा तर कायदाच आड येतो. कुणाला अटक करायची हे चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही. पतीकडून होणाऱ्या छळाच्या गुन्ह्यात, म्हणजे आधीच्या 498-अ आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली, अटक का आवश्यक आहे याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेशकुमार प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. अटक आवश्यक नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची; आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 प्रमाणे निघते. मार्गदर्शकांनी हे दाखवून दिलं तेव्हा सहा महिन्यांचं टिपण बाजूला ठेवावं लागलं.

त्यातून निघालेला प्रश्न दिसायला लहान होता: एकाच घरातून वर्षभरात किती वेळा एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवली गेली, आणि पहिल्या नोंदीनंतर ठाण्याने काय केलं? नोंदवही हाताशी होती, प्रयोग करायचा नव्हता. नोंदी लावून पाहिल्या तर काही पत्ते पुन्हा पुन्हा येत होते. ठाणे अंमलदार बदलला की मागची नोंद कुणी उघडतच नव्हतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 सालचा, त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे. पण कितीतरी बायकांना समज देऊन परत पाठवलं गेलं होतं. “मी स्वतः सही केलेल्या नोंदी होत्या त्यात,” बाई सांगतात, “म्हणून तर ते काम टाळता येईना.” अशा अभ्यासाचं खरं मोल इथे आहे, असं प्रस्तुत लेखकालाही ठामपणे वाटतं. परदेशी नावांची यादी पाठ करण्यापेक्षा आपल्याच वह्या नव्या नजरेने वाचता येणं जास्त कठीण आणि जास्त कामाचं.

या नोंदी अभ्यासासाठी वापरण्याच्या परवानगीचं प्रकरण वेगळंच. अधीक्षकांनी तोंडी होकार दिला, बाईंनी काम सुरू केलं, आणि मे महिन्यात साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांपुढे सगळं पुन्हा मांडावं लागलं. म्हणून सर्वसाधारण बदल्यांचा हंगाम उलटल्यावरच अर्ज करावा, ठाणे प्रभारींमार्फत करावा आणि जावक क्रमांक असलेलं पत्र हातात येईपर्यंत एकही नोंद उतरवू नये. नोंदी उतरवताना नाव-पत्ता काढून टाकून घराला फक्त क्रमांक द्यावा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हाच आहे. शोधनिबंध लिहिणाऱ्याला त्यातून सूट नाही.

प्रवेशाआधी विद्यापीठाची मान्यता पाहताना नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून भागत नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर त्याच अभ्यासक्रमाला, त्याच सत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मंजुरी आहे का ते तपासावं. पूर्णवेळ शिकायचं असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मधल्या अध्ययन रजेच्या अटी आधी वाचाव्यात. रजेनंतर किती काळ नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं तेही तिथेच कळतं. वेळापत्रक हातात आलं की त्यावर गणपती, नवरात्र आणि निवडणुकीचा बंदोबस्त लाल पेनाने नोंदवून घ्यावा. बाईंचा एक पेपर विसर्जन मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी होता. त्यानंतर दर सत्राच्या सुरुवातीलाच बंदोबस्ताच्या तारखा शिक्षकांना लेखी कळवण्याचा शिरस्ता त्यांनी ठेवला, आणि बहुतेकांनी निबंधाची मुदत वाढवून दिली.