अध्ययन रजेवर जाताना प्रश्न सोबत न्या

(जलसंपदा विभागातून निवृत्त झालेले मामा आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रात सहायक अभियंता असलेली भाची यांच्यातला हा संवाद, छत्रपती संभाजीनगरातला.)

भाची : मामा, एम.टेक. करावं म्हणते. पण ऑफिसात सगळे म्हणतात, बढती सेवाज्येष्ठतेनंच होणार, मग डोक्याला ताप कशाला?

मामा : नुसत्या बढतीसाठी करणार असशील, तर त्यांचं ऐक. कामात तुझं अडतंय कुठे, ते आधी सांग.

भाची : टेलला, म्हणजे कालव्याच्या टोकाला. रब्बीचं आवर्तन सुटलं की टोकाचे शेतकरी ऑफिसात येऊन बसतात. सात नंबरचा फॉर्म भरलेला असतो, पण शेतात पाणी नसतं. आम्ही दरवेळी वर लिहितो, ‘अस्तरीकरण खराब आहे, दुरुस्तीसाठी निधी मिळावा.’

मामा : कारण तेच आहे, हे कशावरून?

भाची : तेच असणार, असं सगळे धरून चालतात.

मामा : आणि त्या ‘असणार’वर निधीचे प्रस्ताव जातात. पदव्युत्तर शिक्षण नेमकं इथे कामाला येतं. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पाणी झिरपतं, दारं मोडलेली असतात, वरच्या अंगाला ऊस पितो, विनापरवाना मोटारी चालतात. यातलं कोणतं कारण किती, हे वेगळं काढायला शिकायचं.

भाची : ते काढायचं कसं?

मामा : एकच वितरिका धर. मुखाशी, मध्यावर आणि टोकाला प्रवाह मोज. शेतीच्या फिडरला वीज असते ते तास वेगळे लिही, नसते ते वेगळे. पाण्याला टोकाला पोचायला लागणारा वेळ हिशेबात धर. वीज असो-नसो, घट सारखीच राहिली, तर झिरप्याचा संशय बळावतो. वीज आल्यावरच घट वाढली, तर मोटारींकडे बघावं लागेल. पहिल्यात अस्तरीकरण हवं. दुसऱ्यात पाणीवापर संस्थेला मोजून पाणी देणं आणि कायद्याची अंमलबजावणी. निदान चुकलं, तर पैसा जातो आणि टेल कोरडंच राहतं.

भाची : हे नोकरीत राहूनही करता येईल की.

मामा : येतं, पण होत नाही. आवर्तन चालू असताना तू फोन घेशील, पंचनामे करशील की आकडे तपासशील? शिवाय तुझं अनुमान खोडून काढणारा मार्गदर्शक ऑफिसात भेटत नाही. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा हेही वाचावं लागतं. २००५ साली राज्यानं सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला. त्याचा पाया घनमापन पद्धतीनं पाणी देण्याचा आहे. मोजमापच कच्चं असेल, तर कायदा कागदावर राहतो.

भाची : पण अशा अभ्यासातून खरंच धोरण बदलतं?

मामा : आपल्याच धरणाचं बघ. पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात होती. पण वरच्या अंगाच्या नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं, हे नुसत्या तत्त्वातून निघत नव्हतं. त्यासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये पाण्याच्या उपलब्धतेनुसार कोष्टकं मांडली. त्यांच्या आधारे २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला. भाषणांनी मागणी पुढे आली, पण निर्णयाला हिशेब लागला.

भाची : मग शिकायला जायचं कुठे?

मामा : पैठण रस्त्यावरची वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून सेवेतल्या अभियंत्यांना शिकवतेय, तिथून सुरुवात कर. रुरकीत १९५५ मध्ये जलविकासाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, ते आता आयआयटीचा विभाग आहे. धोरणाकडे वळायचं असेल, तर पुण्यात १९३० पासूनची गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. प्रशासनातलं उदाहरण हवं, तर माधव गोडबोले बघ. ते सनदी अधिकारी होते. त्यांनी अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात विकास-अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली. पुढे ते केंद्रीय गृहसचिव झाले.

भाची : आणि रजेचं कसं?

मामा : राज्य सरकारच्या १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजा आहे. सर्वसाधारणपणे एका वेळी बारा महिने, सगळ्या नोकरीत मिळून चोवीस. विषयाचा तुझ्या कामाशी संबंध दाखवावा लागतो, बंधपत्रही द्यावं लागतं. हा जनतेचा पैसा आहे, तेव्हा ते रास्तच आहे.

भाची : मला एकच धास्ती आहे. परत आल्यावर भलत्याच टेबलावर बसवलं तर?

मामा : धास्ती खरी आहे. रजा मंजूर करतानाच खात्यानं विचारायला हवं, कोणता प्रश्न घेऊन चाललात? आणि परतल्यावर त्याच कामावर नेमणूक द्यायला हवी. तेवढं झालं नाही, तर खातं स्वतःच्याच माणसाचं शिक्षण वाया घालवतं. पण तुझ्या हातात आहे ते तू कर. प्रबंध विद्यापीठात दिलास की त्याचं सार दोन पानांच्या मराठी टिप्पणीत मांड : प्रश्न काय, मोजलं काय, उपाय कोणता, खर्च किती. ती टिप्पणी कार्यकारी अभियंत्यांकडे रीतसर सादर कर आणि एक प्रत टेलच्या पाणीवापर संस्थेलाही दे.