ई बाय एम आणि चार शून्यं

फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला चिठ्ठी उचलली आणि तोंडचं पाणी पळालं. 'थॉमसनच्या पद्धतीने ई बाय एम काढणे.' म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार भागिले त्याचं वस्तुमान. लाकडी बेंच, मधे कॅथोड रे ट्यूब, दोन्ही बाजूंना पट्टीचुंबक आणि पडद्यावर तो हिरवा ठिपका. रीडिंग्ज तशी बरी आली. टेबलावर चिकटवलेल्या पिवळ्या कार्डावरच्या सूत्रात किमती घातल्या, उत्तर आलं १.८१ गुणिले १० चा ७वा घात.

आता ई बाय एमचं उत्तर कोणाला पाठ नसतं? १.७६ गुणिले १० चा ११वा घात! मग चार शून्यं गेली कुठे? कॅल्क्युलेटर तीनदा बडवला. दर वेळी सातच. शेवटी जे आपण सगळेच करतो (नाही म्हणू नका) तेच मी केलं. खोडरबर काढला, ७ चा ११ केला आणि हात फिरलाच होता म्हणून १.८१ चं १.७६ पण केलं.

एक्स्टर्नल सरांनी पेपर खिडकीकडे धरून पाहिला. "इथे आधी काय होतं?"

सांगून टाकलं.

"मग खोडलंस कशाला? तेच तर बरोबर होतं!"

रीडिंग्जचे मार्क मिळाले, रिझल्टचे गेले. सर काय म्हणाले ते कळायला मात्र लायब्ररीत दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या.

झालं होतं असं. ते कार्ड जुन्या सीजीएस पद्धतीचं होतं. अंतरं सेंटिमीटरमध्ये, चुंबकीय क्षेत्र ओर्स्टेडमध्ये, आणि व्होल्टेजला १० च्या ८व्या घाताने गुणायला सांगितलेलं, कारण १ व्होल्ट म्हणजे तितके ॲबव्होल्ट. त्यामुळे उत्तर येणार ई.एम.यू. प्रति ग्रॅममध्ये. विद्युतभाराचं ई.एम.यू. म्हणजे ॲबकूलोम, आणि १ ॲबकूलोम म्हणजे १० कूलोम. म्हणजे एक शून्य इथे सापडलं. उरलेली तीन ग्रॅमचे किलोग्रॅम करताना. माझं खरं उत्तर १.८१ गुणिले १० चा ११वा घात कूलोम प्रति किलोग्रॅम होतं, जेमतेम तीन टक्के एरर! आयुष्यात एकदा प्रॅक्टिकल नीट आलं आणि ते मीच पुसलं.

लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात तर ई बाय एमची तिसरीच किंमत दिसली, ५.२७ गुणिले १० चा १७वा घात. हे ई.एस.यू., म्हणजे स्टॅटकूलोम प्रति ग्रॅम. याची व्याख्या सोपी आहे. दोन सारखे विद्युतभार १ सेंटिमीटरवर ठेवले आणि त्यांच्यात १ डाइन बल असलं, तर प्रत्येक भार १ स्टॅटकूलोम. आपल्या एसआय सूत्रात हे घालून बघा. बल १० चा उणे ५वा घात न्यूटन, अंतराचा वर्ग १० चा उणे ४था घात, दोन्हींच्या गुणाकाराला ९ गुणिले १० च्या ९व्या घाताने भागा आणि वर्गमूळ काढा. ३.३३ गुणिले १० चा उणे १०वा घात कूलोम येतं. उलट मांडलं तर १ कूलोम म्हणजे सुमारे ३ अब्ज स्टॅटकूलोम.

इथे एक खड्डा आहे. सीजीएसच्या सूत्रात तो ९ गुणिले १० चा ९वा घात नसतोच. म्हणजे युनिट बदललं की सूत्रही बदलतं. सूत्र एका घरचं आणि किंमत दुसऱ्या घरची घेतली की वाट लागलीच. पूर्ण गणित एकाच पद्धतीत करायचं आणि शेवटी उत्तर बदलायचं.

पण मला खरी मजा वाटली ती पुढच्या भागात. १ ॲबकूलोममध्ये किती स्टॅटकूलोम? सुमारे ३ गुणिले १० चा १०वा घात. सेंटिमीटर प्रति सेकंदमधला प्रकाशाचा वेग! वेबर आणि कोलराउश यांनी हे गुणोत्तर प्रयोगाने काढलं ते १८५६ साली. लेडन जारमधला भार आधी स्थिरविद्युत बलावरून मोजला, मग तोच गॅल्व्हानोमीटरमधून सोडून मोजला. गुणोत्तर आलं ३.१ च्या आसपास. फिझोने १८४९ मध्ये प्रकाशाचा वेग ३.१५ च्या आसपास मोजलेला होताच. दिवा नाही, आरसा नाही, नुसता विद्युतभार दोन तऱ्हांनी मोजला आणि प्रकाशाचा वेग हाती आला. हे दोन आकडे १८६१-६२ मध्ये मॅक्सवेलने शेजारी ठेवले आणि प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे असं मांडलं. आपण ज्याला कन्व्हर्शन फॅक्टर म्हणून रट्टा मारतो तो हा.

कूलोमसुद्धा आता जुना राहिलेला नाही. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनच्या भाराचं मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९वा घात कूलोम असं ठरवून टाकलंय. त्यामुळे ॲबकूलोमचे ते १० काटेकोर दहा उरले नाहीत, पण फरक इतका बारीक की आपल्या लॅबने त्याची काळजी करू नये.

व्यवहारात लागतो तो अँपिअर-अवर. १ म्हणजे ३६०० कूलोम. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ५ लाख ४० हजार कूलोम, केमिकलवाल्यांच्या भाषेत साडेपाच फॅरडेच्या थोडं वर (१ फॅरडे म्हणजे ९६,४८५ कूलोम).

ते पिवळं कार्ड अजून तिथेच आहे. लॅबच्या मामांना विचारून त्याच्याखाली पेनाने लिहून आलोय, 'उत्तर ई.एम.यू. प्रति ग्रॅममध्ये येईल. खोडू नका.'