संकेतस्थळाची पायरी
दवाखान्याच्या पायरीशेजारी आपण चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधतो. संकेतस्थळाची पायरी मात्र ध्यानी येत नाही. माझ्या एका बालरुग्णाच्या आई दृष्टिहीन आहेत. त्यांचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो. पण आमचे लसीकरणाचे वेळापत्रक चित्ररूपात, चित्रामागे वर्णनही नाही, त्यामुळे तो तेथे मुका होई. तेच कोष्टक मजकुरात लिहिण्यास जेमतेम अर्धा तास लागला! फिकट राखाडी अक्षरेही काढली. नेहमीच्या आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे, असा जागतिक निकष आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४६ खासगी सेवादात्यांनाही बांधते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता जगण्याच्या मूलभूत हक्कात गणली. मुलाच्या पुढील डोसाची तारीख या खेपेस त्यांनीच मला सांगितली.