चित्रकथी : गाण्यासाठी रेखाटलेली चित्रे

आपल्या हुलसूरनजीकचे कल्याण ही एके काळी चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ मध्ये 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील गीतविचारात दशावतारवर्णनाची मराठी पदे आढळतात, आणि चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचाही उल्लेख येतो. गायन व चित्र यांचे हे नाते आपल्या भूमीला नवे नाही.

हे नाते आजही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने राखिले आहे. सावंतवाडी संस्थानचा त्यांस आश्रय होता. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची सर्व चित्रे मिळून एक 'पोथी' होते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो. वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीवर प्रसंग गातो, आणि प्रसंग संपला म्हणजे पान पालटतो. चित्र किती वेळ पाहावयाचे, हे गाण्याने ठरते. टपोरे डोळे, ठसठशीत रेषा आणि मोजक्या आकृती यांमुळे दूर बसलेल्या श्रोत्यासही पात्र ओळखता येते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. चित्रे कागदावर आहेत, परंतु गाणे पिढ्यानुपिढ्या मुखानेच चालत आले आहे. पोथीतील एखादे पान सुटे करून चौकटीत बसविले, तर रंग टिकतील. कथा मात्र मुकी होईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रे जतन केलेली आहेत, आणि ते कार्य मोलाचेच आहे. तथापि गाणारा कंठ पेटीत जपून ठेविता येत नाही. म्हणूनच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय मांडून ही कला पुढील पिढीस शिकविली, याचे महत्त्व अधिक. इ. स. २०२१ मध्ये त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

आपण यातून काय घ्यावे? आपल्या घरोघरी देवादिकांची चित्रे आहेत, आणि त्या प्रसंगांची पदे व ओव्या जाणणारी वडीलधारी मंडळीही आहेत. चातुर्मासात भजनापूर्वी मुलांनी एक चित्र हाती धरावे, आजीने त्या प्रसंगाची ओवी म्हणावी व मुलांनी ती पाठ करावी. चित्र भिंतीवर पुढेही राहील. ओवी मात्र आजच ऐकून घेतली पाहिजे.