कोळंबीच्या टाकीत बदामाची पाने

प्रश्न : माझ्या 40 लिटरच्या टाकीत चेरी श्रिंप आहेत. महापे एमआयडीसीतल्या रस्त्यावरची देशी बदामाची वाळलेली पाने त्यात टाकली. पाणी तपकिरी झाले, पानांवर पांढरट बुळबुळीत थर आला. सगळे पाणी बदलू का?
– एक वाचक, महापे

उत्तर : नाही, सगळे पाणी मुळीच बदलू नका. अशा अचानक बदलानेच श्रिंप दगावतात. कोऱ्या चहासारखा हा रंग पानांतल्या टॅनिनचा आहे, घाणीचा नाही. नकोसा वाटला तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवा. पांढरा थर म्हणजे बहुधा जिवाणू-बुरशीचा पातळ पडदा. श्रिंप, विशेषतः पिल्ले, तो आवडीने खातात. पान स्वच्छ जागचे असेल, तर ते कुरतडून शिरांची जाळी उरेपर्यंत राहू द्या.

मला काळजी आहे ती पाने कुठून आणली याची. कारखान्यांच्या आणि ट्रकच्या रस्त्याकडेच्या पानांवर काजळी, तेल, धातूंचे कण बसतात, आणि तांबे तर श्रिंपना अगदी थोडेही घातक. ती पाने काढा, एक चतुर्थांश पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन घालवलेले, त्याच तापमानाचे हवे.

पुढे सोसायटीच्या आवारातली, फवारणी न झालेली, आपोआप गळलेली तपकिरी पाने घ्या. फणसाची, पेरूचीही चालतात. कण्हेर विषारी, ती नकोच. पाने धुऊन, उकळत्या पाण्यात भिजवून, तुमच्या टाकीला एक-दोनच टाका. जास्त पाने कुजताना प्राणवायू खातात. श्रिंप पृष्ठभागाशी गोळा झाले किंवा कुजका वास आला, तर पाने लगेच काढून हवेचा पंप वाढवा.