डोंगर, घोडा, होडी आणि आपली पन्नाशी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच दवाखान्यात एक प्रश्न ऐकू येऊ लागतो. "डॉक्टर, तीन दिवस जंगलात कॅम्पला जायचंय. जाऊ ना?" विचारणारी मंडळी बहुधा पंचेचाळीस ते साठ या वयातली असतात. मुले मोठी झालेली, हातात थोडा पैसा आलेला, आणि कॉलेजात असताना केलेल्या राजगड-तोरण्याच्या आठवणी अजून ताज्या. पूर्वी सहल म्हणजे महाबळेश्वरचे पॉइंट पाहायचे, स्ट्रॉबेरी खायची आणि परत यायचे. आता लोकांना हात-पाय वापरायची सहल हवी असते. एक दिवस वेण्णा तलावाकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर घोडेस्वारी, दुसऱ्या दिवशी तापोळ्याला शिवसागर जलाशयात होडी वल्हवणे, आणि तिसऱ्या दिवशी लाँचने पलीकडे जाऊन वासोटा किल्ल्याची चढाई. बरोबर वाटाड्या आणि संयोजक असतात. जेवणाची, तंबूची सोय असते.

माझे उत्तर बहुतेकदा "जरूर जा" असेच असते. पण त्याआधी मी एक हिशेब मांडतो, तो इथे सर्वांसाठी मांडतो.

वासोटा हा कोयना अभयारण्यातला किल्ला. आता हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीला वनखात्याची परवानगी घेऊन लाँचने सुमारे तास-दीड तासाचा जलप्रवास करावा लागतो. पलीकडे मेट इंदोलीला उतरले की घनदाट झाडीतून दोन-अडीच तासांची चढण. आता समजा, गडाच्या माथ्यावर एखाद्या गृहस्थाच्या छातीत कळ आली. खाली उतरवायला दोन तास, लाँचने दीड तास, बामणोलीहून कासमार्गे साताऱ्याला आणखी तासभर तरी. म्हणजे सगळे सुरळीत घडले तरी हॉस्पिटलच्या दारात पोचायला पाच तास. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि ती उत्तम आहे. पण ती लाँचमध्ये बसून येत नाही, आणि तिथल्या दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्यावर पहिल्या एक-दोन तासांत उपचार मिळाले तर स्नायू वाचतो. पाच तासांनी त्यातला बराचसा गेलेला असतो.

म्हणून "बरोबर माहीतगार माणूस आहे, मग काळजी कशाला?" हे बोलणे मला पटत नाही. वाटाड्याला वाट माहीत असते. तुमच्या रक्तवाहिन्या त्याला माहीत नसतात. त्या तुम्हाला माहीत हव्यात, आणि त्यातले जेवढे त्याला सांगणे जरूर आहे तेवढे निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे. संयोजकांच्या फॉर्मवर 'आजार असल्यास लिहा' या रकान्यात निम्मे लोक 'नाही' असे लिहून मोकळे होतात. रक्तदाबाची गोळी रोज घेणारेही! गोळीने दाब काबूत आहे, मग आजार कुठला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. आपल्याकडे आजार लपवणे हा एक सामाजिक शिष्टाचारच झाला आहे.

चाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला माणूस असा काही इतिहास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी किमान दीड महिना आधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, ई.सी.जी. आणि गरज वाटल्यास ट्रेडमिलवरची तपासणी. नुसता बसून काढलेला ई.सी.जी. स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. इंजिन नुसते चालू ठेवून गाडी घाट चढेल की नाही हे कळत नाही.

दीड महिना एवढ्यासाठी, की शरीराला सवय लावायला तेवढा वेळ लागतोच. पुणेकरांचे भाग्य असे की व्यायामशाळा घराशेजारीच आहे. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्यांपासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात एकदा चढा-उतरा, मग दोनदा, तीनदा. पुढे तळजाई किंवा वेताळ टेकडी, आणि शेवटच्या पंधरवड्यात पाठीवर चार-पाच किलोची पिशवी घेऊन आतकरवाडीकडून सिंहगड. (वर जाऊन पिठले-भाकरी, कांदाभजी आणि दही खाल्ले की व्यायामाचा हिशेब शून्यावर येतो, हे लक्षात असू द्यावे.) चढताना वेग किती ठेवावा याची साधी कसोटी म्हणजे सोबत्याशी अडखळत का होईना, पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. नाडी मोजायची असेल तर २२० मधून वय वजा करावे, आणि आलेल्या आकड्याच्या ६० ते ७० टक्क्यांत राहावे. बावन्न वर्षांच्या माणसासाठी हे साधारण १०० ते ११८ ठोके होतात. मात्र मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. त्यांनी आकड्यावर न जाता बोलण्याच्या कसोटीवरच भरवसा ठेवावा.

लोक चढणीला भितात. गुडघ्यांचा घात मात्र उतरणीवर होतो. चढताना दम लागतो म्हणून आपण आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून माणूस धावतच सुटतो. पायऱ्या उतरताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे तीन-चार पट भार येतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू उतरताना ताणला जात असतानाच आवळावा लागतो. अशा कामाची त्याला सवय नसली की त्यात सूक्ष्म इजा होतात आणि दुखणे त्या दिवशी न कळता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. सोमवारी जिना उतरताना कठडा धरून "आई गं" म्हणणारे ट्रेकर तुम्ही पाहिले असतीलच. यावर उपाय म्हणजे सरावात उतरण्यालाही तेवढेच महत्त्व द्यायचे, पावले लहान टाकायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि हातात काठी घ्यायची. काठी म्हातारपणाची खूण समजून ती नाकारणाऱ्या गृहस्थांना एवढेच सांगतो, की जंगलात राहणारा आपला धनगर तरुणपणापासून काठी घेऊनच चालतो. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. मधुमेही व्यक्तीच्या पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळतही नाही. त्यांनी मुक्कामी रोज मोजे काढून तळवे आणि बोटांच्या खाचा उजेडात पाहाव्यात.

मधुमेहींसाठी दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. दिवसभर चालल्याने साखर खाली येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना उतरणीवर घाम, थरथर, चिडचिड, गोंधळल्यासारखे वाटले तर तो थकवा समजू नये. ताबडतोब तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज, आणि पाठोपाठ पोळी-बिस्किटे. साखर आपल्या खिशात हवी, सामानाच्या गाडीत नव्हे. त्या दिवसांपुरते डोस बदलायचे का, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. रक्तदाबाची गोळी "लघवीला फार होते" म्हणून सहलीत बंद करणारे बरेच असतात. तसे अजिबात करू नये. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, घोट घोट. नुसत्या पाण्याबरोबर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा जलसंजीवनी असावी.

उंचीमुळे दम लागेल का, असेही विचारतात. महाबळेश्वर सुमारे १४०० मीटर उंच आहे. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. तेव्हा सह्याद्रीत दम लागला तर दोष हवेला देऊ नये.

आता घोडा. घोड्यावर आपण नुसते बसलेलो असतो, व्यायाम घोड्याला होतो, असा गैरसमज आहे. तोल सांभाळताना मांड्यांचे आतले स्नायू आणि कंबर सतत काम करीत असतात. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर पाय फेंगडे टाकत चालणारा माणूस याचा साक्षीदार. मणक्याची गादी सरकलेले, मूळव्याधीचा जोर असलेले, गरोदर स्त्रिया, आणि पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्या भगिनींनी घोडा दुरूनच पाहावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर नक्कीच. त्यांच्या डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो. बसणाऱ्याने शिरस्त्राण मागून घ्यावे, मिळत नसेल तर स्कूटरचे हेल्मेट चालेल, अगदीच काही नसण्यापेक्षा बरे. रिकिबीत पाऊल पुढच्या चवड्यापुरतेच घालावे आणि टाच खाली ठेवावी. सपाट चपलेचे पाऊल रिकिबीतून आरपार जाते, आणि पडलेला माणूस फरफटत जातो. पडलेल्याला "उठ, काही झालं नाही" म्हणून ओढून बसवू नये. मान-पाठ दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या असतील तर त्याला फळीवर सरळ ठेवूनच हलवावे. डोक्याला मार लागून नंतर उलट्या, वाढती झोप, बोलण्यात गोंधळ किंवा कानानाकातून पाण्यासारखा स्राव, यातले काहीही दिसले तर तिथेच सहल संपली समजून हॉस्पिटल गाठावे. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतले नसेल तर निघण्यापूर्वी घ्यावे. या रोगाचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात.

होडीबद्दल मला एकच आग्रह धरायचा आहे. जीवरक्षक जाकीट अंगात घालून, सगळे पट्टे बांधून बसावे. ते मांडीखाली घेऊन बसणारे महाभाग मी पाहिले आहेत. "मला पोहता येतं" हे कारण ऐकायला नको. विहिरीत पोहणे वेगळे आणि धरणाच्या पाण्यात, कपडे-बुटांसह, काठापासून शेकडो मीटरवर पोहणे वेगळे. जलाशयाच्या काठाला उथळ दिसणारे पाणी दोन पावलांवर एकदम खोल होते, तळाशी गाळ आणि बुडालेली झाडे असतात. दारू घेतलेल्या माणसाला होडीत घेऊच नये, मग तो कितीही जवळचा मेव्हणा असो. वल्हे खेचताना दंडाने नव्हे तर पाठ सरळ ठेवून, पायांनी रेटा देत खेचावे, आणि श्वास रोखून धरू नये. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब झटक्यात चढतो. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते, त्यांनी वल्हवण्याची हौस बेताने करावी. बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास, असे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. हे वाचून येत नाही. संयोजकांनी एका संध्याकाळी बाहुलीवर शिकवून घेतले पाहिजे.

छातीच्या कळेकडे पुन्हा येतो. चढताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, थंड घाम, मळमळ यांना आपल्याकडे हमखास 'गॅस' म्हणतात आणि सोडा पाजतात. अशा वेळी माणसाला तिथेच बसवावे, एक पाऊलही चालू देऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची साधी ॲस्पिरिन गोळी चावून खायला द्यावी, आणि उचलून खाली आणण्याची तयारी करावी. तेव्हा संयोजकांना निघण्यापूर्वीच विचारा, की डोली करायला किती माणसे आहेत आणि लाँच दिवसभर पलीकडे थांबणार आहे का. उत्तर गुळमुळीत आले तर पैसे भरू नका.

साप, विंचू, मधमाश्या यांची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी आहे, तरी थोडक्यात सांगतो. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस घोड्यांच्या रक्तातूनच तयार होते, हा आपल्या सहलीतल्या घोड्याचा आणखी एक उपकार. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही गोळी किती गुणकारी आहे हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. गडावर मधमाश्यांच्या पोळ्याखाली धूर करू नये आणि अत्तर लावून जाऊ नये.

आणि परत आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगावे, की मी जंगलात, गवतात, साचलेल्या पाण्यात वावरलो होतो. गोचिडी आणि बारीक किड्यांमुळे येणारे ताप, तसेच लेप्टोस्पायरोसिस, यांचे औषध वेगळे असते, आणि डॉक्टरांना त्यांचा संशय येण्यासाठी ही माहिती लागते. अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली दिसतो का, तेही कपडे काढून पाहावे. तो दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ताच नसतो.